स्टोव्हसाठी ओक की बर्च? आधी लाकडाचा ओलेपणा बघा

घरातल्या लाकडावर चालणाऱ्या स्टोव्हमध्ये ओक झाडाचं लाकूड जाळावं की बर्चचं, या प्रश्नावर कुणीतरी ‘ओकच सगळ्यात गरम जळतो, बाकी लाकूड घेऊच नका’ असा सल्ला दिलाय. तो अर्धाच खरा आहे. किलोला किलो मोजलं तर वाळलेल्या सगळ्या हार्डवुडची (ओक, बर्चसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाची) उष्णता जवळपास सारखीच असते. फरक घनतेचा. ओक, बीच जड, म्हणून स्टोव्ह एकदा भरला की निखारे रात्रभर टिकतात. पॉपलर, विलो भराभर जळून जातात.

पण ओक फार सावकाश वाळतो. फोडून, वारा लागेल असा रचून निदान दोन वर्षं तरी ठेवावा लागतो. मी एकदा वर्षभरातच जाळायला घेतला. ओंडक्याच्या टोकांना फेस येऊन सूं-सूं आवाज सुरू झाला आणि स्टोव्हच्या दाराची काच दोन दिवसांत काळीकुट्ट! तीच काजळी आणि डांबरासारखं कीट धुराड्यात साचतं, आणि ते पेटलं तर घराला धोका. म्हणून हे जीव तोडून सांगतोय.

ओलेपणा वीस टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजायचा मीटर लावायचा तो ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला, बाहेरची साल फसवते. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेले खणखणीत वाजतात, ओले बद्द.

यंदाच जाळायचं असेल तर ॲश नावाच्या झाडाचं लाकूड बघा, मुळातच त्यात पाणी कमी असतं. पेटवायला बर्च, त्याची साल कागदासारखी धरते. माझ्याकडे आता बर्चवर पेटवून मग ओक, असंच चालतं.