मदत हवी आहे: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली भाजी शाळा-हॉस्पिटलात कशी पोचवायची?
नमस्कार मंडळी, आम्ही सत्तरी तालुक्यातले काही शेतकरी भेंडी, दोडकी, तांबडी भाजी (लाल माठ) लावतो, थोडी फलोत्पादन महामंडळाला जाते, बाकी वाळपईच्या बाजारात, पण शाळांचा माध्यान्ह आहार बनवणाऱ्या बचतगटाच्या ताया बेळगावचीच भाजी घेतात कारण त्यांना रोज सकाळी ठरलेल्या वजनात निवडलेला माल लागतो आणि आमची तांबडी भाजी दुपारपर्यंत मान टाकते, फार जीव तुटतो हो. म्हणून सगळ्यांचा माल गोळा करायला एक शेड, काटा, छोटं कोल्ड स्टोरेज करायचंय. केंद्र सरकारच्या कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे, पण त्यासाठी आधी एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) काढावी की सहकारी सोसायटी? आणि सरकारी हॉस्पिटलच्या किचनला माल द्यायचा तर टेंडरच भरावं लागतं का? गोव्यात कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.