'एकीकरण' लिहू की नको?

टिळकवाडीकर: विज्ञान दिनाला एका शाळेत मराठीतून बोलायचंय, गुरुत्वाकर्षण आणि कणांमधल्या बाकी बलांचा क्वांटम सिद्धांत एकत्र कसा बसवायचा यावर. 'बलांचे एकीकरण' असं नाव दिलं तर तिथले एक सर म्हणाले, अहो बेळगावात एकीकरण म्हटलं की लोक महाराष्ट्र एकीकरण समितीची, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात न्या म्हणणाऱ्यांची, सभा समजून येतील, शब्द बदला. काय लिहू?

निपाणीकर: घाबरायलात कशाला? कन्नडात पण एकीकरणच म्हणतात की, १९५६ ला राज्य एक झालं ते त्यांचं आणि आपलं राहिलेलं. शब्द एकच, तोंडं दोन दिशेला.

शहापूरकर: विलीनीकरण लिहून मोकळे व्हा.

टिळकवाडीकर: विलीनीकरणात एक दुसऱ्यात विरघळतं, संस्थानं विरघळली तसं. इथं कोण कुणात जाणार तेच ठरेना. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतात गुरुत्व म्हणजे अवकाश-काळाचा बाक, बाकीची तीन बलं, विद्युतचुंबकीय, क्षीण आणि प्रबळ, कणांच्या देवाणघेवाणीवर चालतात, आणि तोच हिशोब गुरुत्वाला लावला की उत्तरं अनंत यायला लागतात, ती काही केल्या आवरत नाहीत.

खानापुरी: म्हणजे तिघं एका राज्यात गेली आणि हे एकटं सीमेवर लटकलं, आमच्यासारखं :)

निवृत्त मास्तर: तिघं एक झालेली नाहीत. विद्युतचुंबकीय आणि क्षीण एवढीच झाली, ग्लॅशो, सलाम, वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल त्याचंच. प्रबळ बल नुसतं शेजारी राहतंय. आणि 'पुंज' हा चांगला शब्द असताना क्वांटम कशाला?

खानापुरी: पुंज म्हटलं की मला कंगव्यातला केसांचा पुंजका दिसतो मास्तर. ज्याच्या खाली माप नाही ते क्वांटम. आमची आज्जी भात मोजायची, पायली, मापटं, चिपटं, कोळवं, शेवटी निळवं. त्याखाली मूठ, पण मूठ हिशोबात नाही, ती गड्याच्या पोराच्या खिशात. निळवं म्हणा!

शहापूरकर: निळवं गुरुत्वाकर्षण?? पोरं हसून मरतील.

टिळकवाडीकर: बसतंय तसं. आपल्या शिरपूरला जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांच्या वाटेनं गेलं तर क्षेत्रफळालाही सगळ्यात लहान माप निघतं, त्याखाली जाता येत नाही.

निवृत्त मास्तर: अष्टेकर राहू देत, निळवं परिभाषेत चालणार नाही.

निपाणीकर: 'बल' चालतं होय? कन्नडात बल म्हणजे उजवं पण. पोरं विचारतील 'एड', म्हणजे डावं, कुठाय.

निवृत्त मास्तर: क्षीण बल डावखुऱ्या कणांनाच धरतं. सांगा, हेच ते एड.

निपाणीकर: 🙏 मास्तर

टिळकवाडीकर: माझं कुणी सांगाल काय? सरांनी तोवर फळ्यावर नुसतं 'व्याख्यान' लिहून टाकलंय.