आतून मोठी खोली: जागा मिळेल, पण गरम हवेचं काय?

बाहेरून कपाटाएवढी पण आत अख्खा हॉल मावेल अशी, आतून मोठी खोली म्हणजे निव्वळ जादू, असं काहीजण म्हणतात. तसं नाहीये हो, स्पेस (म्हणजे जागाच) वस्तुमानामुळे वाकते, आणि ती वाकलेली असली की बाहेरच्या मापावरून आतला आकार सांगताच येत नाही. आपली पृथ्वीच घ्या, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून त्रिज्या काढली तर खरी त्रिज्या त्यापेक्षा साधारण १.५ मिलिमीटर जास्त भरते, सूर्याची जवळपास अर्धा किलोमीटर! म्हणजे दोघेही आतून किंचित मोठेच. पण अख्खा हॉल कपाटात कोंबायचा तर दाराचा गळा, म्हणजे आत-बाहेर जोडणारी अरुंद वाट, मिटू नये म्हणून निगेटिव्ह एनर्जी (शून्यापेक्षाही कमी ऊर्जा) लागणार, ती एवढी कुठून आणायची देव जाणे.

आणि अशी खोली वापरायची म्हणाल, तर मला खरी अडचण उष्णतेची वाटते. माणूस नुसता बसला तरी १०० वॉटच्या आसपास उष्णता सोडतो, आत २०० जण बसवले की झाले २० किलोवॅट, आणि हे सगळं बाहेर पडणार त्या एका कपाटाच्या दारातून. बाहेरच्या भिंती तर कपाटाएवढ्याच ना! थोड्या वेळात आत भट्टी. त्यापेक्षा थंड, मुकाट पडून राहणारं सामान ठेवा, जुन्या फायली वगैरे. फक्त कपाट उचलून न्यायचा विचार करू नका, वजन कुठे जात नाही.