'पिंक मून'साठी गिटार कशी लावायची
इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकच्या 'पिंक मून' या अल्बमचं शीर्षकगीत नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (ई-ए-डी-जी-बी-ई) वाजवलं तर पोकळ का वाटतं, असं एकानं विचारलंय. वाटणारच! जाड तारेपासून सी-जी-सी-एफ-सी-ई असं लावा, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी. म्हणजे सहावी तार ईवरून सीपर्यंत उतरवायची, पाचवी, चौथी, तिसरी एकेक पूर्ण सूर खाली, दुसरी अर्धा सूर वर, पहिली तशीच. ०.०५३ इंच जाडीची सहावी तार इतकी उतरवली की लुळी पडते, फ्रेटवर खडखडते, म्हणून ०.०५६ची घाला. कॅपोच्या दाबानं ती थोडी चढतेच, तेव्हा कॅपो लावून पुन्हा जुळवा. पियानो मात्र विसरलात तरी चालेल. १९७२च्या या अख्ख्या अल्बममध्ये आवाज आणि गिटारखेरीज तेवढंच एक वाद्य आहे, तेही याच गाण्यात, नंतर चढवलेलं.