ट्रेगेगलचं भूत इंग्रजीत बोललं तर बिघडलं काय?

रात्रपाळी: मी कॉर्नवॉलमधे (इंग्लंडचं नैऋत्य टोक) नोकरीला, पाचवं वर्ष. नोव्हेंबरमधे इथल्या गावकऱ्यांनी हॉलमधे ट्रेगेगलचं नाटक बसवलं, मी पडदा ओढायला होतो. गोष्ट अशी की ट्रेगेगल म्हणजे जमीनदाराचा कारभारी, महाबेरकी. कुळाने पैसे भरले, ह्याने वहीत लिहिलेच नाहीत आणि मेला. बॉडमिनच्या कोर्टात केस उभी राहिली तर कुळ म्हणालं साक्षीला ट्रेगेगललाच बोलवा, आणि आला की राव थडग्यातून! कुळ सुटलं, पण आता भूत परत जाईना, बाहेर सैतान टपलेला. मग त्याला कामाला जुंपलं, भोक पडलेल्या शिंपल्याने डोझमरी तळं उपसायचं. बॉडमिन मूरवर, म्हणजे तिथल्या माळरानावर, वारा घोंगावला की म्हणतात ट्रेगेगल रडतोय.

आमच्या नाटकात तो हॉलिडे होम्सचा एजंट केला होता, कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. विंगेतून नुसता खुळखुळाट ऐकू आला तरी हॉल बू करायला लागायचा. माझ्या मते वारसा जपायला दहा म्युझियमपेक्षा हे भारी. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_वाचक: ह्याला स्किट म्हणतात, वारसा नाही. आणि वर सगळं इंग्रजीत! कर्नेवेक ही कॉर्नवॉलवाल्यांची स्वतःची भाषा, 14व्या शतकाच्या शेवटी त्या भाषेत ऑर्डिनालिया नावाची तीन धार्मिक नाटकं लिहिली गेली, असले खेळ जिथे व्हायचे ते गोल मैदान सेंट जस्टला अजून आहे, प्लेन-अन-ग्वारी म्हणतात. एवढं घरात असताना इंग्रजीतलं भूत कशाला नाचवायचं?

नेपथ्यवाला: खडूसराव, जरा थांबा. ज्याच्यावरून ही गोष्ट निघाली तो कारभारी 17व्या शतकातला, आणि तोवर कर्नेवेक पार पश्चिमेच्या टोकाला सरकली होती, बॉडमिनकडे इंग्रजीच. म्हणजे ते भूत मुळातच इंग्रजी बोलणारं.

आणि जुन्या नाटकांचं सोवळं एवढं नका नाचवू. कॉर्नवॉलवर पुस्तक लिहिणाऱ्या रिचर्ड कॅर्यूने 1602 मधे लिहून ठेवलंय की नट पाठांतर करायचेच नाहीत, एक माणूस पुस्तक घेऊन पाठीमागून फिरायचा आणि कानात वाक्य सांगायचा. एकदा एक वात्रट गृहस्थ नट म्हणून उभा राहिला, प्रॉम्प्टरने हळूच सांगितलं "पुढे हो, दिसू दे लोकांना", तर ह्याने तेच मोठ्याने म्हणून दाखवलं! प्रॉम्प्टर चिडून कानात शिव्या घालतोय, हा त्याही डायलॉगसारख्या ठोकतोय, पब्लिक हसून लोळतंय.

खडूस_वाचक: 😂 बरं, ट्रेगेगलचा मुद्दा मान्य. पण प्रॉम्प्टरचा किस्सा माझ्याच बाजूने जातो की! वाक्य कानात मिळणार असेल तर नटाला भाषा यायलाच हवी असं कुठाय? मग आज एखादा प्रवेश कर्नेवेकमधे करायला अडचण काय? 2014 मधे ब्रिटिश सरकारने कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या, लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, ती काय चाव्या वाजवायला?

फणसाचा_गरा: मी कुडाळचा. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथा पुराणातली आणि संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे, त्यात गावच्या रस्त्यावरून टोमणा आला तर लोक टाळ्याच देतात. त्यामुळे चाव्यांचं मला काही वाटलं नाही. पण रात्रपाळी, खरं सांगा, खुर्चीत गावचे किती आणि टूरिस्ट किती?

रात्रपाळी: नोव्हेंबरात कुठला टूरिस्ट हो, पाऊस आडवा येतो इथे. सगळे गावचेच. माझ्या गल्लीत हिवाळ्यात निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो, ती घरं उन्हाळ्यापुरती. म्हणून तर त्या चाव्या झोंबल्या. सेंट आइव्हजला 2016 मधे लोकांनी मतदान करून ठरवलं की नवीन घर बांधलं तर त्यात कायम राहणाराच हवा, इतकं पेटलंय हे. ट्रेगेगल झालेला माणूस प्लंबर आहे, त्याच्या पोरीला ह्या गावात भाड्याने खोली मिळेना, दोन गावं पलीकडे राहते. तो चाव्या वाजवायचा तेव्हा ॲक्टिंग करत नव्हता.

खडूस_वाचक: हे आधी लिहायचं ना. तरी भाषेचं मी सोडत नाही. आणि बाहेरच्यांना तिथे एमेट म्हणतात ना, म्हणजे मुंगी? तुम्हीपण एमेटच की 😛

रात्रपाळी: हो, म्हणून गुपचूप पडदा ओढतो. पुढच्या नाटकाला प्रॉम्प्टिंगला बस म्हणालेत. कर्नेवेकचा एक प्रवेश सुचवून बघतो, फक्त तो कानात सांगायला मीच असेन, तेव्हा भूत मराठी हेल काढून बोललं तर तक्रार करायची नाही.