दलालाला बजेट किती सांगावे?

घरे पाहण्यापूर्वीच दलालाला आपले कमाल बजेट सांगावे का, या प्रश्नाबाबत थोडे सांगतो. दलाली बहुधा व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारीने ठरत असल्याने, आणि काही वेळा ती दोन्ही पक्षांकडून घेतली जात असल्याने, किंमत खाली आणण्यात त्याचा स्वतःचा फारसा लाभ नसतो. हा दोष माणसाचा कमी आणि मोबदल्याच्या पद्धतीचा अधिक आहे. म्हणून शोधापुरतीच मर्यादा सांगावी आणि घासाघिशीला वाव राखावा. दलाली किती, ती कधी द्यायची आणि व्यवहार फिसकटल्यास काय, हे आधीच लेखी घ्यावे. ‘आज विसार दिला नाही तर घर हातचे जाईल’ असे कानावर आले, तरी कागदपत्रे आपल्या वकिलाने तपासेपर्यंत पैसे देऊ नयेत. दलालानेच सुचवलेला वकील शक्यतो टाळलेला बरा.