मागचे चार प्लग विसरू नका

जुन्या होंडा सिटीचे, म्हणजे आय-डीएसआय इंजिनाचे, स्पार्क प्लग बदलायला घेतले तर पुढचे चार अर्ध्या तासात निघतात, हे बरोबर. पण या इंजिनाला सिलिंडर चार आणि प्लग ८! मागची रांग पुढच्या काचेच्या बुडाशी दडलेली असते, त्यामुळे कंटाळा करून ती तशीच सोडली जाते. माझ्या गाडीचं 'सगळे प्लग बदलले' असं बिल होतं. काऊल, म्हणजे काचेखालचं वायपरजवळचं प्लास्टिकचं झाकण, काढल्यावर मागे चार गंजलेले म्हातारे सापडले.

काऊल काढणं अवघड नाही, किचकट आहे. वायपर नेमके कुठे थांबतात तिथे काचेवर चिकटपट्टी लावून खूण करा, नाहीतर नंतर ते भलतीकडेच थांबतील. नट काढूनही दांडा हलत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, थोडं डब्ल्यूडी-४० मारून हळूहळू डुलवा. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच. आधीच नव्या आणून ठेवा. पाणी फवारायची नळी काढायला विसरलात तर ती ओढली जाऊन तुटेल.

इंजिन पूर्ण थंड हवं, कारण प्लग ज्यात बसतात ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना त्याचे आटे खराब होऊ शकतात. प्लग सैल करण्याआधी खाचेतली धूळ हवेने उडवा. नवा प्लग आधी हातानेच फिरवत बसवा, पाना शेवटी.

आणि काऊल निघालाच आहे तर खालची कुजलेली पानं काढून पाणी जायची भोकं मोकळी करा. पावसाळ्यात तेच पाणी केबिनमध्ये उतरतं.